चांगदेवरावांचं एरंडेल

माणसाची सगळी प्रगती चाकामुळे झाली असं पुस्तकात लिहितात, ते साफ खोटं आहे. ती वंगणामुळे झाली. चाक काय, आज ना उद्या कुणालाही सुचलं असतं. ते करकरू नये म्हणून ज्याने पहिल्यांदा त्याला चरबी फासली, तो खरा पहिला माणूस. हा सिद्धान्त चांगदेवरावांनी आमच्या हॉलमध्ये स्टुलावर उभं राहून मांडला. एका हातात पंख्याचं पातं होतं, दुसऱ्या हातात तेलाची पिचकारी. पंखा सकाळपासून फिरत नव्हता. तेल घालून, पुसून, हात धुऊन ते खाली उतरले तेव्हा आमच्या हिने सांगितलं की आमच्या अख्ख्या कोपर भागाची वीज गेलेली आहे.

चांगदेवराव आमच्या समोरच्या ब्लॉकमधले. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत वंगण तेलं बनवणाऱ्या एका कारखान्यात चौतीस वर्षं केमिस्ट होते. तेलाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत चोळून, नाकाशी नेऊन, ते तेल कशात घालावं आणि कशात घालू नये हे ते सांगत. बिल्डिंगमधल्या शिवणयंत्रापासून ते माझ्या गुडघ्यापर्यंत सगळ्यांचा इलाज त्यांच्याकडे असे, आणि बहुतेक वेळा तो एकच असे: एरंडेल. एरंडेलाबद्दल बोलायला लागले की ते देवाबद्दल बोलताहेत असं वाटायचं. फरक इतकाच की देवाबद्दल त्यांना काही शंका होत्या.

त्यांचा एकुलता एक मुलगा प्रितम. वय सत्तावीस, ऐरोलीला संगणकाच्या कंपनीत. त्याच्याकडे एक गाडी होती, चपलांच्या खोक्यापेक्षा थोडी मोठी, रिमोटवर चालणारी. पण बॅटरीवरची नव्हे. खरं इंजिन, लिंबाएवढं. रविवारी सकाळी रुळांपलीकडच्या मोकळ्या पटांगणात तो ती पळवायचा. आवाज असा, की एखाद्या डासाच्या हातात कुणीतरी लाउडस्पीकर दिलाय. या इंजिनाला तेलाची वेगळी टाकी नसते. इंधनातच तेल मिसळलेलं असतं. इंधन जळतं, तेल आत फिरून धुराबरोबर बाहेर पडतं. प्रितम ठाण्याच्या दुकानातून सिंथेटिक तेलाचं तयार इंधन आणायचा. घरात एक केमिस्ट बसलेला असताना मुलाने बाहेरचं तेल आणावं, हे चांगदेवरावांना घरात आई असताना पोराने खानावळीत जेवण्यासारखं वाटायचं.

मग एके दिवशी प्रितम ऑफिसला गेलेला असताना त्यांनी त्याचा कॅन उघडला आणि त्यात मोजून एरंडेल घातलं. मोजून म्हणजे खरोखर मोजून. काचेच्या नळीने, डोळ्याच्या पातळीवर धरून. त्यांचं प्रेम नेहमी मिलीलिटरमध्ये असे.

प्रितमने त्या रविवारी गाडी चालवली. पुढे महिनाभर ऑफिसच्या कामात ती कपाटावर पडून राहिली. नंतर काढली तर इंजिन जाम. त्याने इंजिन सुरू करायची दोरी ओढली, पुन्हा ओढली, तिसऱ्यांदा दोरीच तुटली. कॅन हुंगून बघितल्यावर त्याला सगळं कळलं. आमची दारं समोरासमोर, त्यामुळे आम्हालाही कळलं.

"बाबा, तुमच्या एरंडेलाने माझं इंजिन मारलं," तो म्हणाला. "तुम्हाला कुणी विचारलेलं?"

"तुला यातलं काही कळत नाही," चांगदेवराव म्हणाले.

त्यानंतर चौदा दिवस बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. वन रूम किचनमध्ये न बोलणं सोपं नसतं. त्याला कौशल्य लागतं. दोघं एकाच टेबलावर बसून वासंतीवहिनींमार्फत बोलायचे. त्याला सांग भात गार होतोय. त्यांना सांग मी जेवून आलोय. वहिनी दोन्ही निरोप पोचवायच्या, मधलं अंतर दीड हात.

पंधराव्या दिवशी प्रितमला ताप आला. डेंग्यू. हॉस्पिटलात बापलेकांमध्ये जे काही बोलणं झालं ते सगळं आकड्यांत. प्लेटलेट किती झाल्या, असं तो विचारायचा. वाढताहेत, असं चांगदेवराव सांगायचे. त्या वाढत नव्हत्या. सहाव्या दिवशी पहाटे प्रितम गेला.

लोक भेटायला आले, बसले, गेले. चांगदेवरावांनी तेलाबद्दल बोलणं सोडलं. कुणी विचारलंही नाही. गुडघे आपापले दुखत राहिले.

अकरा महिन्यांनी ते आमच्याकडे आले, हातात कणकेचा स्टीलचा डबा. डब्यात फडक्यात गुंडाळलेलं ते इंजिन. वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यात आहे, त्याच्या आत मला एक गोष्ट कळायला हवी, असं म्हणाले. मी विचारलं, कुठली.

"तो बरोबर होता का, ती."

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. इंजिन त्यांच्या तेलानेच गेलं असेल, तर श्राद्धाच्या दिवशी पानासमोर बसून प्रितमची माफी मागायची. भटजींना तसं आधी सांगून ठेवायचं. पण तेलाने गेलं नसेल, तर मागायची नाही. न झालेल्या चुकीवर सही करणं त्यांच्या चौतीस वर्षांच्या नोकरीत बसत नव्हतं.

मी म्हटलं, मग उघडून बघा की. तुम्हाला काय अवघड आहे.

ते माझ्याकडे, एखाद्याने लाच सुचवावी तसे बघत राहिले. स्वतःच्या मालाचा रिपोर्ट स्वतः लिहायचा नसतो, सँपल बाहेर पाठवायचं असतं, असं म्हणाले.

बाहेर म्हणजे ठाण्याला, खोपटला. तिथे एसटी डेपोमागच्या चाळीत मारुती राहतात, डेपोतले निवृत्त मेकॅनिक. आयुष्यभर एसटीच्या बसगाड्यांची इंजिनं उतरवली आणि चढवली. त्यांनी फडकं उलगडलं, इंजिन तळहातावर घेतलं आणि डोळ्यांजवळ नेलं.

"साहेब, हे इंजिन हाय का इंजिनाचं पिल्लू?"

चांगदेवराव हसले नाहीत. मारुतींनी मग घसा खाकरून ते दोन्ही बाजूंनी फिरवून बघायचा प्रयत्न केला. हललं नाही. आत जाऊन ते सुनेचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन आले. सून रसिका मागोमाग आली आणि दारात उभी राहिली. तिला अर्ध्या तासात एका हळदीला निघायचं होतं, केस ओले होते, आणि सासरे तिचा ड्रायर एका लोखंडी लिंबावर धरून बसले होते. ती काही बोलली नाही, पण तिचं न बोलणं आम्हाला तिघांनाही ऐकू येत होतं.

दोन मिनिटं झाली असतील. मारुतींनी फडक्याने इंजिनाच्या टोकाचं चाक धरून पिळलं. आत काहीतरी सुटल्यासारखा बारीक आवाज झाला आणि इंजिन फिरलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा फिरलं.

मारुतींनी ड्रायर रसिकाला परत दिला आणि इंजिन उघडलं. असल्या इंजिनात पिस्टन वरच्या टोकाला मुद्दामच घट्ट बसवलेला असतो, गार असला की जास्तच घट्ट. त्यात एरंडेल महिनाभर पडून राहिलं की सुकून डिंकासारखं होतं. एवढंच झालं होतं. आतला पिस्टन आणि तो ज्यात सरकतो तो लायनर आरशासारखे होते. चांगदेवरावांनी खिशातून भिंग काढून बघितलं. एकही ओरखडा नव्हता. दोन बेअरिंगं तेवढी गंजली होती. उरलेल्या इंधनाने हवेतलं पाणी ओढलं होतं. ती बदलावी लागणार होती. बाकी ठणठणीत.

"मेलंय कुठं हे," मारुती म्हणाले. "निजलंय."

"म्हणजे तेव्हाच गरम केलं असतं तर?"

"फिरलं असतं की."

"दोन मिनिटांत?"

"दोन बी लागली नसती."

चांगदेवरावांनी भिंग खिशात ठेवलं. मग पुन्हा काढून फडक्याने पुसलं.

"आमच्याकडे आहे ड्रायर," ते म्हणाले. "प्रितमचाच."

यावर मारुतींनी चहा मागवला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

परतीच्या वाटेवर चांगदेवराव मनातल्या मनात काहीतरी मांडत होते. डोंबिवली आल्यावर त्यांनी निकाल दिला. इंजिन चिकटलं ते एरंडेलाने, पण आत ओरखडा पडला नाही तोही एरंडेलानेच. म्हणजे प्रितम अर्धा बरोबर आणि ते स्वतः अर्धे. अर्धी माफी भटजींना कशी सांगायची हे मात्र त्यांना सुचत नव्हतं. मी म्हटलं, पूर्णच मागून टाका, कोण तपासणार आहे. ते म्हणाले, "तो."

तेव्हा त्यांनी ठरवलं की इंजिन नीट जुळवून, श्राद्धाच्या आधीच्या रविवारी चालवायचं. चाललं, तर मेलं नव्हतं हे सिद्ध झालं. पोराच्या डोक्यावरचं 'इंजिन मारलं' हे चुकीचं वाक्य तरी उतरेल.

बेअरिंगं आणायला आम्ही ठाण्याला नौपाड्यातल्या त्या दुकानात गेलो. दुकानदार धनेश, तिशीचा, काउंटरवर सुटी चाकं आणि स्प्रिंगा मांडून बसलेला. प्रितमचं नाव सांगितल्यावर तो उभा राहिला. त्याने बेअरिंगं काढून दिली, नवी दोरी दिली, आणि जुळवताना तेल कुठलं घालणार काका, असं विचारलं. हा प्रश्न चांगदेवरावांना आजवर कुणी विचारला नव्हता. नेहमी न विचारताच ते सांगत आले होते. धनेश आपल्या परीने सांगत गेला. एरंडेल कितीही तापलं तरी धातूला धरून राहतं, पण पडून राहिलं की चिकटतं. सिंथेटिक स्वच्छ, चिकटत नाही, पण फार तापलं तर जळून जातं, मग धातूवर धातू. दोन्हीची भक्तमंडळी आहेत, त्यांची आपसात भांडणं होतात. यातलं एकही वाक्य चांगदेवरावांना नवीन नव्हतं. तरीही त्यांनी ते विद्यार्थ्यासारखं ऐकून घेतलं.

मग धनेशने मागच्या फळीवरून एक कॅन आणि तेलाची छोटी बाटली काढली. दोन्ही सिंथेटिक. कॅनला चिकटपट्टी लावलेली, त्यावर प्रितमच्या अक्षरात 'प्रितम, कोपर'. धनेश जरा अवघडला. चांगदेवरावांनी कॅन हातात घेतला, तेव्हा त्याला सांगावंच लागलं.

"शेवटचा आलेला तेव्हा तो म्हणालेला, इथेच राहू दे. घरी नेलं तर बाबा त्यात एरंडेल घालतील."

चांगदेवराव हसले. आवाज न करता, खांदे हलवून. अकरा महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं आणि पुन्हा बघायला मिळू नये असं वाटलं.

निघताना धनेशने मला बाजूला घेऊन एक गोष्ट बजावली. गाडी चालताना मागून निळसर धूर दिसला पाहिजे. धूर म्हणजे तेल पोचतंय. इंधन कमी-जास्त करणारा पुढचा स्क्रू पिळून धूर कमी केला, तर तेलही कमी होतं. मी मान डोलावली.

शनिवारी मारुती कोपरला आले. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. एका बाजूला एरंडेलाची बाटली, दुसऱ्या बाजूला प्रितमची सिंथेटिकची. वासंतीवहिनी ओट्याशी मेथी निवडत होत्या. मारुतींनी विचारलं, साहेब, कुठलं? त्यांना स्वतःला दोन्हींत काही फरक दिसत नव्हता. एसटीत तेल एकच, साहेब पाठवतील ते.

चांगदेवरावांनी दोन्ही बाटल्यांतला एकेक थेंब बोटांत चोळला, हुंगला. मग आमच्याकडे न बघता त्यांनी शुद्ध तांत्रिक भाषेत सांगितलं की नव्या बेअरिंगांचं, वर्षभर पडून राहिलेलं इंजिन पहिल्यांदा तापणार आहे, इंधन किती सोडायचं याचा आपल्या तिघांनाही अनुभव नाही, अशा वेळी शहाणा माणूस एरंडेलच निवडेल. थोडं चिकटलं तर चिकटलं, ओरखडा पडणार नाही. एवढं बोलून त्यांनी एरंडेलाच्या बाटलीचं बूच लावलं.

"प्रितमचं घाला," ते मारुतींना म्हणाले. "या वेळी त्याचं ऐकू."

वहिनींचा मेथी निवडणारा हात थांबला, आणि पुन्हा चालू झाला.

मारुतींनी एकेका भागाला त्या तेलाचा थेंब लावून इंजिन जुळवलं आणि गाडीत बसवलं. बोटं जाडजूड, पण लहान मुलाला बंडी घालावी तसं नाजूक काम केलं. इंधनही कॅनमधलंच, त्यात काहीही न मिसळता.

रविवारी सकाळी साडेसातला आम्ही पटांगणात गेलो. वहिनी आल्या नाहीत. काम आहे म्हणाल्या. तिसऱ्या ओढीला इंजिन सुरू झालं. गाडी विटांवर उचलून ठेवली होती, तिची चाकं हवेत फिरायला लागली. तोच डास, तोच लाउडस्पीकर. पलीकडे क्रिकेट खेळणारी दोन-तीन डोकी वळली. चांगदेवराव गाडीपाशी उकिडवे बसले आणि त्यांनी डोळे मिटले. ते ऐकत होते.

मागून निळा धूर येत होता, भरपूर. मारुती अस्वस्थ झाले. ज्या माणसाने चाळीस वर्षं धूर सोडणाऱ्या गाडीबद्दल वरिष्ठांची बोलणी खाल्ली, त्याच्यासमोर धुराचं इंजिन चालवणं म्हणजे देवळात चपला घालून जाण्यासारखं.

"लई धूर मारतंय," ते पुटपुटले आणि त्यांनी पुढचा स्क्रू जरासा पिळला.

धूर कमी झाला. आवाज चढला. त्यांनी आणखी पिळला. मला धनेशचं बजावणं आठवलं, अगदी शब्दन् शब्द. मी काही बोललो नाही. वारा माझ्या दिशेने होता आणि धूर माझ्याच नाकात जात होता. तो थांबला याचं मला बरं वाटलं. हे मी चांगदेवरावांना अजून सांगितलेलं नाही. त्यांनी तेव्हा डोळे उघडले असते, तर त्यांनीच मारुतींचा हात धरला असता. पण ते ऐकत होते.

धूर पूर्ण गेला. आवाज बारीक आणि फार सुरेख झाला, तारेसारखा. मारुती समाधानाने माझ्याकडे बघून म्हणाले, आता कसं, स्वच्छ. वीसेक सेकंदं तसं चाललं. मग आत टक् असा आवाज झाला आणि सगळं थांबलं. क्रिकेटवाल्यांपैकी कुणीतरी टाळी वाजवली. त्यांना वाटलं, खेळ संपला.

इंजिन हात लावता येणार नाही इतकं तापलं होतं. अर्धा तास आम्ही ते गार व्हायची वाट बघत कठड्यावर बसलो. मारुती पुन्हा पुन्हा म्हणत होते, निजलं असंल, पुन्हा गरम करून बघू. गरमच तर होतं. शेवटी त्यांनी तिथेच ते उघडलं. पिस्टनवर नखाने ओढल्यासारखे उभे ओरखडे, वरपासून खालपर्यंत. खालचा दांडा मोडून दोन तुकडे झालेला. आत तेलाचा मागमूस नव्हता.

चांगदेवरावांनी भिंग काढलं नाही. त्याची गरज नव्हती.

"एरंडेल असतं तर वाचलं असतं," ते म्हणाले. मग पाकीट हरवल्याचं सांगावं अशा आवाजात: "म्हणजे मीच बरोबर होतो."

त्यांनी आजूबाजूला बघितलं. हे ज्याला सांगायचं होतं, तो तिथे असावा अशा बेताने बघितलं. मग ते सगळे भाग एकेक करून कणकेच्या डब्यात भरले. मारुती खाली बघत म्हणाले, साहेब, माझ्या हातून काय चुकलं का? चांगदेवराव म्हणाले, नाही, तेलाचा प्रश्न होता. मारुतींना बरं वाटलं. मलाही वाटलं, याची लाज वाटते.

घरी वासंतीवहिनींनी दार उघडलं. चाललं का, एवढंच त्यांनी विचारलं. चांगदेवराव डबा टेबलावर ठेवून खुर्चीत बसले आणि सांगायला लागले. सुरू झालं इथपासून थांबलं इथपर्यंत, तापमान, तेल, धातू, सगळं. आधी ते मेलं नव्हतंच. आता मात्र मेलं. आधी प्रितम चुकला होता. आता त्याच्याच तेलाने तो चूक ठरला. चौदा दिवस जे भांडण चाललं, ते त्यांनी आज पुराव्यासकट जिंकलं होतं.

"मग आता भटजींना काय सांगू?" त्यांनी विचारलं. "माफी कशाची मागू?"

वहिनी त्यांच्यासमोर उभ्या होत्या. मला वाटलं, आता त्या रडतील, किंवा ओरडतील, अकरा महिन्यांचं जे काही साठलं असेल ते बाहेर पडेल. मी उठायच्या बेतात होतो. त्यांनी टेबलावरची एरंडेलाची बाटली उचलून उजेडात धरली, किती उरलंय ते बघितलं.

"अहो, हे आता तुम्हाला लागायचं नाही ना?" त्या म्हणाल्या. "मग मला द्या. टाचांना भेगा पडल्यात."